‘नाही’चा चौकोन

‘मला लहानसहान गोष्टींवरून राग येत नाही,’ मी वाचलं.

‘न्हाई,’ आक्काताई म्हणाल्या.

मी ‘नाही’च्या चौकोनात फुली मारली. सातवं वाक्य झालं. अजून त्रेपन्न होती.

‘माझी इतरांशी सहसा भांडणं होत नाहीत.’

‘न्हाईत.’

फुली.

‘म्याडम, जरा बाजूला व्हता का? उजेड अडतोय.’

मी खुर्ची सरकवली. शिशुगृहाच्या औषधांच्या खोलीत आम्ही बसलो होतो. एका कोपऱ्यात बाळांचा वजनकाटा, दुसऱ्यात उकळलेल्या बाटल्यांची पाटी. आक्काताईंच्या मांडीवर साडेतीन महिन्यांची एक मुलगी होती, तिचा वरचा ओठ नाकापर्यंत दुभंगलेला आणि आत टाळूही फाटलेला. वहीत तिचं नाव मधुरा होतं, आक्काताई तिला ठकी म्हणत. अशा बाळाला बाटली ओढता येत नाही, दूध नाकातून बाहेर येतं. आक्काताई तिला उभं धरून, हनुवटीखाली बोट लावून, पितळी बोंडल्याच्या चोचीनं गालाच्या कडेला थेंब थेंब सोडत होत्या. चमचाभर दुधाला पाच मिनिटं लागत.

सरांनी सांगितलं होतं की चाचणीच्या वेळी खोलीत मूल नको, लक्ष विचलित होतं. मी तसं म्हटल्यावर आक्काताई माझ्याकडे बघून म्हणाल्या होत्या, ‘मग हिला कोन पाजनार? तुमी?’

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. मानसशास्त्रात एम. ए. नुकतंच झालं होतं आणि सांगलीत डॉ. मोडक सरांकडे संशोधन साहाय्यक म्हणून लागले होते. मूल कसं धरायचं हेही मला माहीत नव्हतं.

शिशुगृहात त्या डिसेंबरात एका बाळाच्या मांडीवर काळानिळा वळ सापडला होता. कशाचा, ते शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही, पण स्थानिक पेपरात चौकट आली. विश्वस्तांनी ठरवलं की बाळांना सांभाळणाऱ्या सगळ्या बायकांची व्यक्तिमत्त्व चाचणी करून घ्यायची. सरांनी ते काम फुकट घेतलं, कारण त्यांना माणसं हवीच होती. तीन वेगवेगळ्या चाचण्या एकाच माणसाबद्दल एकच गोष्ट सांगतात का, असा त्यांचा अभ्यास होता. पहिली पाच घटकांची प्रश्नावली, साठ वाक्यांची, प्रत्येकाला हो किंवा नाही. दुसरी सोळा साच्यांची, तिच्यात दोन पर्यायांतून एक निवडायचा आणि शेवटी माणूस सोळांपैकी एका साच्यात बसवायचा. तिसरी शाईच्या डागांची. एकोणीस बायका, तीन चाचण्या. वाचता येणाऱ्या आठजणींनी प्रश्नावली स्वतः भरली. उरलेल्या अकराजणींना मी वाचून दाखवली.

साच्यांच्या चाचणीत आक्काताईंनी मला फार दमवलं होतं.

‘समारंभात तुम्हाला नवीन लोकांशी बोलायला आवडतं, की ओळखीच्यांशी?’

‘लगीन कुनाचं हाय?’

‘कुणाचंही धरा.’

‘आसं कसं कुनाचंबी धरायचं? नंदंच्या घरचं आसलं तर मी चुलीपाशीच बसनार. म्हायेरचं आसलं तर गप ऱ्हाल का तुमी?’

डागांच्या वेळी मी पहिलं चित्र पुढे केलं. ‘यात काय दिसतं?’

‘शाई सांडलीया.’

‘त्याशिवाय?’

‘पुसली न्हाई कुनी.’

मी ते शब्दशः लिहून घेतलं होतं. सरांचा नियमच तसा होता. आपण अर्थ लावायचा नाही, सुचवायचं नाही, डोळ्यांनीसुद्धा मदत करायची नाही. जो पहिला शब्द येईल तेच उत्तर. ‘वृंदा, तू माणूस नाहीस त्या खोलीत,’ ते म्हणाले होते, ‘तू पट्टी आहेस. पट्टीला मत नसतं.’ मला ते वाक्य इतकं आवडलं होतं की वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं.

जानेवारीच्या अखेरीस अहवाल तयार झाला. सर खुशीत होते. त्यांनी आक्काताईंची ओळ टेबलावर माझ्यापुढे सरकवली. शेजारी त्यांचा गरम पाण्याचा थर्मास होता. सर चहाला शिवत नसत.

‘बघ. आक्काताई सुतार, वय एक्केचाळीस. साच्यांची चाचणी म्हणते, ही जपणारी, शांत, पडद्यामागे राहून काम करणारी. डाग म्हणतात, कल्पनाशक्ती तोकडी, भावना दाबलेल्या. आणि प्रश्नावली म्हणते, भावनिक अस्थिरता अतिउच्च, सौहार्द अतिनीच. चिडखोर, भांडखोर, संयम नाही. एकच बाई आणि तीन वेगळी माणसं. हाच आपला निबंध.’

‘मग खरी कोणती, सर?’

‘अगं, तो प्रश्न तत्त्वज्ञांचा. संस्थेला आकडा लागतो. आकडा प्रश्नावलीत आहे.’

संस्थेकडे प्रश्नावलीचा निकाल गेला. अकराजणींच्या नावापुढे ‘बालसंगोपनास अयोग्य, अन्य काम द्यावे’ असं होतं. आठजणी योग्य ठरल्या होत्या. मी तो कागद स्वतः टाइप केला, स्वतः पाकिटात घातला, आणि कोणत्या अकरा आणि कोणत्या आठ, हे माझ्या डोक्यात आलंसुद्धा नाही.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात काही सह्या राहिल्या होत्या म्हणून मी शिशुगृहात गेले. आक्काताई मागच्या अंगणात धुण्यावर होत्या. लंगोटांचा डोंगर, पुढ्यात दगड. मला बघून त्यांनी मान हलवली आणि पुन्हा आपटायला सुरुवात केली. आतून ठकीचं रडणं येत होतं. ते पूर्ण रडणंही नव्हतं. फाटक्या टाळूतून हवा निसटते, तसा घरघरता आवाज होता.

अधीक्षिका शैलाताई ठकीला घेऊन बाहेर आल्या. त्यांच्या पदरावर दूध सांडलेलं होतं, हातात बोंडलं. मागून वही घेऊन एक नवी मुलगी.

‘तीन दिवसांत दीडशे ग्रॅम उतरलीय,’ शैलाताई म्हणाल्या, मला की स्वतःला ते कळलं नाही. ‘डॉक्टर म्हणतात पाच किलो झाल्याशिवाय ओठाचं ऑपरेशन नाही. चार किलोवर होती, आता खाली गेली.’ मग आक्काताईंकडे वळून त्यांनी विचारलं, ‘सकाळी तुम्ही बघितलंत ना हिला? या नव्या मुलीच्या हातनं पीत नाही?’

‘न्हाई,’ आक्काताई म्हणाल्या.

शैलाताईंनी वही घेतली आणि लिहिलं, सकाळी आठ, दूध पीत नाही.

मी तिथेच उभी राहिले. सह्यांचा कागद माझ्या हातात होता.

पीत नाही? न्हाई. आणि शैलाताईंनी ‘पीत नाही’ असंच लिहिलं. दुसरं काय लिहिणार? जगात कुणीही मराठी माणूस दुसरं काय लिहील?

मी लिहिलं होतं. बावीस वेळा.

माझी मुलगी आता पावणेदोन वर्षांची आहे. ‘भूक नाही लागली?’ म्हटलं की ‘नाई’ म्हणते आणि ताटलीकडे ढुंकून बघत नाही. हे तिला कुणी शिकवलेलं नाही. सरांच्या प्रश्नावलीचं भाषांतर मात्र तीन प्राध्यापकांनी केलं होतं, इंग्रजीतून मराठीत, मराठीतून परत इंग्रजीत, आणि दोन्ही कागद जुळले म्हणून पेढे वाटले होते. साठांपैकी बावीस वाक्यं ‘नाही’नं संपत होती. हातात पेन घेऊन बसणारा वाक्य दोनदा वाचतो, हो आणि नाही या चौकोनांकडे बघतो, विचार करतो आणि ‘मला राग येत नाही’पुढे ‘हो’वर खूण करतो. पण समोर कुणी मोठ्यानं वाचलं, की तो प्रश्न होतो. राग येत नाही? नाही. भांडणं होत नाहीत? नाहीत. मुलं रडली तर संयम सुटत नाही? न्हाई सुटत. अकराजणींनी मला खरं सांगितलं होतं आणि मी अकराजणींच्या नावावर उलटं लिहिलं होतं. म्हणून अकरा. म्हणून नेमक्या त्याच अकरा, ज्यांना शाळेत कुणी घातलं नव्हतं.

मी स्कूटर काढली आणि तडक सरांकडे गेले.

सर पुस्तकात डोकं घालून बसले होते. मी कपाटातले तक्ते काढून समोर पसरले. एका बाजूला वाचणाऱ्या आठ, दुसऱ्या बाजूला ऐकणाऱ्या अकरा. बावीस वाक्यांखाली मी लाल रेघ मारली. एकही अपवाद नव्हता.

सरांनी चष्मा सारखा केला. ‘उलट गुणांकनाची वाक्यं आहेत ती. प्रत्येक चांगल्या चाचणीत असतात. माणूस झोपेत हो-हो म्हणत सुटू नये म्हणून.’

‘सर, ती वाक्यं ऐकायची नाहीत, वाचायची आहेत. ऐकली की उत्तर फिरतं.’

‘भाषांतर प्रमाणित आहे, वृंदा.’

‘कुणाला वाचून दाखवून प्रमाणित केलंय?’

ते हसले. ‘तू चिडलीयस.’

‘सर, तुम्ही चहा पीत नाही?’

‘नाही.’

मी कोरा कागद ओढला आणि मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘डॉ. मोडक चहा पितात.’ तो त्यांच्या थर्मासला टेकवून ठेवला.

त्यांनी तो वाचला. मूर्ख नव्हते ते. हेच मला आजही जास्त लागतं. त्यांना पहिल्या सेकंदाला कळलं, ते मी त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल होताना बघितलं. मग त्यांनी कागदाची घडी घातली, आणखी एक घडी घातली आणि तो खिशात ठेवला.

‘निबंधात मर्यादा नावाचा परिच्छेद असतो,’ ते म्हणाले. ‘तिथे एक ओळ टाकू. चाचणीच्या तोंडी प्रशासनामुळे काही प्रतिसादांवर परिणाम झाला असण्याची शक्यता नाकारता येत नाही.’

‘आणि त्या अकराजणी?’

‘त्यांना कामावरून काढलेलं नाही. दुसरं काम दिलंय.’

‘ते बाळ तिच्याच हातनं पितं, सर. पाच किलो झाल्याशिवाय ऑपरेशन नाही, आणि वजन उतरतंय.’

‘हा संस्थेचा प्रश्न झाला.’

‘संस्थेला आपण कागद दिलाय.’

‘आपण?’ सरांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. ‘फुल्या तुझ्या हातच्या आहेत. बावीस गुणिले अकरा. समोर ती बाई बसलेली होती, मी नव्हतो. तुला तेव्हा काहीच कळलं नाही?’

‘नाही,’ मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली. माझं ‘नाही’ त्यांनी कोणत्या चौकोनात टाकलं ते मला माहीत नाही.

मग ते मऊ झाले. मऊ झालेल्या सरांची मला जास्त भीती वाटायची. म्हणाले, एका व्यक्तीची फेरचाचणी करता येते, विश्वासार्हता तपासण्यासाठी, शास्त्रात तशी सोय आहे. आक्काताईंची तू परत घे. हवी तशी वाक्यं सोपी करून विचार. निकाल बदलला तर मी सही करीन आणि संस्थेला पत्र देईन. पण एकीचीच. अकराच्या अकरा बदलल्या तर अभ्यास उरत नाही, तीन वर्षांचं काम जातं, आणि संस्थेसमोर विद्यापीठाची काय अब्रू राहील? बाकीच्यांबद्दल तू कुठे बोलायचं नाहीस. निबंधावर तुझं नाव दुसरं राहील.

‘बाळाचं वजन वाढायला हवं ना तुला?’ ते म्हणाले.

त्यांच्या थर्मासचं झाकण उचलून भिंतीवर मारावं असं वाटत होतं. मी म्हटलं, ‘ठीक आहे, सर.’

फेरचाचणीआधी मी एक प्रयत्न केला, हे सांगायला हवं. संध्याकाळी शैलाताईंकडे गेले आणि त्यांना प्रश्नावली मोठ्यानं वाचून दाखवली. पाच वाक्यं. पाचही वेळा ‘नाही’. मी गुण मोजून दाखवले आणि म्हटलं, ‘शैलाताई, तुम्हीही बालसंगोपनास अयोग्य.’

त्या खो खो हसल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, ‘कळलं मला. मला आधीपासून माहीत होतं गं, आक्काताई चिडखोर असती तर दीड तास बोंडलं घेऊन बसली असती का? पण मला कागद लागतो. उद्या पाहणीला कोणी आलं आणि फाइलीत अयोग्य म्हणून शेरा असलेली बाई बाळापाशी दिसली, तर मी काय सांगू? मला वाटतं म्हणून ठेवलीय? तू सहीचा कागद आण, मी त्याच मिनिटाला तिला आत घेते.’

दुसऱ्या दिवशी मी फेरचाचणीचा कागद घेऊन त्याच खोलीत बसले. शैलाताईंनी ठकीला तेवढ्यापुरतं आक्काताईंच्या मांडीवर दिलं होतं. चार दिवसांत तिच्या पायांची कातडी सैल झाली होती. आक्काताईंनी तिला उभं धरलं, हनुवटीखाली बोट लावलं, तसा तिनं डोळा उघडला आणि जीभ पुढे केली. आक्काताईंच्या हातांना साबणानं भेगा पडल्या होत्या. त्या बोंडलं दोन बोटांतच धरत होत्या, भेगेला पितळ लागू नये म्हणून.

‘काय चुकलं हुतं म्हनं कागदावं?’ त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. राग येत नाही म्हटल्यावर तुम्ही न्हाई म्हणालात, आणि कागदाच्या हिशेबात त्याचा अर्थ राग येतो असा झाला. त्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा कागदाकडे बघितलं.

‘पन मी सांगिटलं हुतं की तुमास्नी.’

मी कागदाची कड सरळ केली.

‘तुमी इचारलं, राग येत न्हाई. मी म्हनलं, न्हाई. तुमी लिवलं. मग तुमचा चेहरा मला कसनुसा दिसला, म्हनून मी परत म्हनलं, न्हाई म्हंजी न्हाई येत वो म्याडम. आटवतंय का न्हाई?’

आठवत होतं. कधीच विसरले नव्हते. सातव्या वाक्यानंतर त्या दोन शब्द जास्त बोलल्या होत्या. माझी पेन्सिल ‘नाही’च्या चौकोनावरून उचलली गेली होती आणि ‘हो’च्या चौकोनावर आली होती. मग मला सर आठवले. पहिला शब्द तेच उत्तर. पट्टीला मत नसतं. मी पेन्सिल मागे घेतली आणि आठवं वाक्य वाचलं. त्यानंतरच्या प्रत्येक फुलीच्या वेळी मला माहीत होतं. नंतर आलेल्या दहाजणींच्या वेळीही माहीत होतं. कालांतरानं ते माहीत असणं इतकं खाली गेलं, की अंगणात शैलाताईंनी वहीत लिहिलं तेव्हा मला खरंच धक्का बसला. सरांना मी ‘नाही’ म्हटलं ते खोटं होतं.

‘आठवतंय,’ मी म्हटलं.

ठकीच्या नाकातून दुधाचा थेंब आला, तो त्यांनी पदरानं टिपला.

‘आन् रुक्मीचं?’ त्या म्हणाल्या. ‘पार्वतीचं? ती शेवंता तर सैपाकघरात भांडी घासतीया, बारा वर्सं पोरं सांभाळल्याली बाई. त्यांनी बी न्हाईच म्हनलं आसंल की. त्यांचं कवा दुरुस्त करताय?’

‘त्यांचं नाही.’

‘म्हंजी?’

मी खरं तेच सांगितलं. सर एकाच कागदावर सही करणार, आणि तीही मी बाकीच्यांबद्दल तोंड उघडणार नाही या अटीवर. बोलताना मी ठकीकडे बघत होते, कारण आक्काताईंकडे बघवत नव्हतं.

बोंडलं रिकामं झालं. त्यांनी ते बाजूला ठेवलं आणि ठकीला खांद्यावर घेतलं. पाठीवर हळूहळू थापटत राहिल्या. ढेकर यायला वेळ लागला.

‘वाचा,’ त्या म्हणाल्या.

मी वाक्यं सोपी केली होती, ‘नाही’ काढून टाकलं होतं. ‘तुमची इतरांशी भांडणं होतात का?’

‘न्हाई.’

‘मूल रडलं तर संयम सुटतो का?’

‘न्हाई.’

एकवीस वाक्यं भराभर झाली. सातवं मी शेवटी ठेवलं होतं. का, ते मला सांगता येणार नाही.

‘तुम्हाला लहानसहान गोष्टींवरून राग येतो का?’

त्यांचा हात ठकीच्या पाठीवर थांबला.

‘ल्हानसान म्हंजी केवढ्या?’

‘कागदावर तेवढंच लिहिलंय.’

‘दोन शब्द हुते,’ त्या म्हणाल्या. ‘न्हाई येत. एक तुमी लिवला, एक टाकून दिला. शेवंता राखंनं भांडी घासतीया. ही पोरगी चार दिस उपाशी हुती. ह्ये ल्हानसान हाय का मोठं हाय, तुमी शिकलेल्या, तुमी सांगा.’

मी कागदावरचं वाक्य पुन्हा बघितलं.

‘येतो,’ त्या म्हणाल्या. आवाज मुळीच चढला नव्हता. मांडीवर मूल घेतलेल्या बाईचा आवाज चढत नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. ‘पैल्यांदा इचारलं तवा येत नव्हता. आता येतो. तुमचा येतो, तुमच्या सरांचा येतो. लई येतो.’

पेन्सिल माझ्या हातात होती. ‘हो’वर फुली मारली की एका वाक्यानं फार काही बिघडलं नसतं, पण सर प्रत्येक खूण बघणार होते आणि सातवं वाक्य त्या गटातलं पहिलंच होतं.

आक्काताईंनी ठकीला खांद्यावरून उतरवलं. तिच्या ओठाच्या फटीत दुधाचा फेस होता.

‘पन आत्ता लिवू नगा,’ त्या म्हणाल्या. ‘आत्ता काय पायजे ते लिवा. हिचं पाच किलू हुंद्यात. ओठ शिवू द्यात. मग लिवा.’

‘शब्द दिलाय मी सरांना.’

‘मला बी दिला हुता की. मी सांगंन तेच लिवनार म्हनून.’

मी ‘नाही’वर फुली मारली. त्यांनी वाकून बघितलं. अक्षर येत नव्हतं त्यांना, पण चौकोन कळत होते.

‘ह्यो कुटला?’

‘राग येत नाही.’

‘बरं,’ म्हणाल्या आणि अंगठ्यासाठी हात पुढे केला. भेगेत शाई गेली तेव्हा त्यांनी दात आवळले.

सरांनी सही केली. ‘बघ, नियमात राहूनही माणुसकी दाखवता येते,’ असंही म्हणाले. शैलाताईंनी कागद फाइलीला लावला आणि त्याच मिनिटाला आक्काताईंना आत घेतलं.

मग मी गप्प राहिले. पाच आठवडे रोज सरांच्या खोलीत जात होते, तक्ते करत होते, निबंधाची टिपणं काढत होते. आक्काताई सुतार, तीन स्तंभ. माझं नाव दुसरं. सर गरम पाणी प्यायचे आणि म्हणायचे, तू आता खऱ्या अर्थानं संशोधक झालीस. संध्याकाळी मी शिशुगृहात फोन करायचे. शैलाताई आकडा सांगायच्या. चार दोनशे. चार चारशे तीस. चार सहाशे. एकदा चार पाचशे नव्वद, सर्दी झाली होती. त्या रात्री मला झोप लागली नाही. स्वयंपाकघरात शेवंताबाई अजून भांडीच घासत होत्या, आणि मला तेही माहीत होतं.

सोळा मार्चला वजनकाट्यावर पाच किलो वीस ग्रॅम आलं. बावीसला मिरजेच्या दवाखान्यात ओठ शिवला. मी बघायला गेले तेव्हा ठकी झोपलेली होती, नाकाखाली काळ्या टाक्यांची बारीक रेघ. आक्काताई कॉटच्या शेजारी स्टुलावर बसल्या होत्या. बाळानं हात तोंडाशी नेऊ नये म्हणून तिच्या कोपरांना पुठ्ठे बांधले होते, तरी त्यांनी तिचे दोन्ही पंजे आपल्या एका मुठीत धरून ठेवले होते.

‘शिवला,’ त्या म्हणाल्या.

‘हो.’

‘मग?’

मी तिथल्याच बाकावर बसले. पिशवीतून वही काढली. पहिल्या पानावर पट्टीचं वाक्य होतं, ते पान फाडलं. विश्वस्तांच्या नावानं पत्र लिहायला घेतलं. अकरा नावं, बावीस वाक्यं, मी काय ऐकलं आणि काय लिहिलं, फेरचाचणीतली खोटी खूण, सरांची अट, सगळं तारखेसकट. पाच पानं झाली. खाली माझी पूर्ण सही. त्या पत्रानंतर माझी नोकरी गेली आणि निबंध सरांच्या एकट्याच्या नावानं छापून आला, मर्यादांचा परिच्छेद धरून. शेवंताबाई पाळण्यांपाशी परत यायला दिवाळी उजाडली.

पण ते नंतर. त्या दुपारी आक्काताईंनी विचारलं, ‘काय लिवलं? वाचा की.’

मी पहिलं वाक्य वाचून दाखवलं.

‘आक्काताई सुतार यांना राग येतो.’

‘व्हय,’ त्या म्हणाल्या.